बाबांचा कलर

दुर्ग स्टेशनावर बाबा मला सोडायला आले होते, पण त्यांनी मला निरोप दिला असं काही म्हणता येणार नाही. गाडी दिल्लीला जाणार होती आणि मी दिल्लीहून पुढं ब्रुसेल्सला. आई प्लॅटफॉर्मवर खिडकीपाशी उभी होती. बंद काचेतून आवाज येत नव्हता, म्हणून ती खुणांनीच डब्यातल्या पुऱ्या आधी संपव असं सांगत होती. बाबा आत होते. समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी केवळ सभ्यपणानं विचारलं होतं, बेटी कहाँ जा रही है. तेवढं पुरलं. युरोप हिवाळ्यात कुणाच्या गॅसवर जगतो, ती पाइपलाइन कोणकोणत्या देशांच्या अंगणातून जाते आणि मध्येच एखाद्यानं व्हॉल्व्ह फिरवला तर कोण कोण गारठेल, हे बाबांनी त्या माणसाला हातवारे करून समजावायला घेतलं. गाडीनं धक्का दिला तेव्हा ते पोलंडपर्यंत पोचले होते. घाईघाईनं उतरताना त्यांनी त्या गृहस्थांना सांगितलं, "आगे का आप खुद सोच लेना." मग खाली उभं राहिल्यावर त्यांना बहुधा आठवलं, की त्याच गाडीत आपली मुलगीही बसली आहे. त्यांनी हात वर केला.

या प्रसंगाचा मला पुढं कितीतरी वर्षं राग होता. एकुलती एक लेक देश सोडून चालली आहे आणि हा माणूस परक्याला पोलंड समजावतोय. तुम्ही जे तिकडं भिलाईतच राहिलात, सेक्टरमधली कंपनीची क्वार्टरं सुटल्यावर वैशाली नगरात दोन खोल्या बांधल्यात, तुम्हाला बाबा माहीत आहेत, तुम्ही हसाल. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, टोरंटोला, दुबईला, पुण्याला, तुम्हाला तुमचे स्वतःचे बाबा आठवतील. कुणीतरी डोक्यावरून हात फिरवायला हवा होता, असं तुम्हालाही कधीतरी वाटलं असेलच.

बाबांचं सगळं आयुष्य प्लांटच्या, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, रेल मिलमध्ये रूळ घडवण्यात गेलं. आजोबा भंडाऱ्याकडची कोरडवाहू जमीन भावांवर सोडून भिलाईला मजुरीला आले, बाबा इथंच जन्मले आणि इथंच पर्मनंट झाले. पर्मनंट हा आमच्याकडं फार मोठा शब्द आहे. बाबा रंगानं चांगलेच काळे, आई गोरी, आणि हे स्थळ आलं तेव्हा आईच्या मावशीनं दिलेला निकाल आमच्या घरात अजून सांगितला जातो: "पोरगा काळा हाय, पन पर्मनंट हाय." हे वाक्य निघालं की सगळे हसतात. बाबाही हसतात, पण जरा उशिरा.

तरुणपणी प्लांटात आलेल्या रशियन इंजिनिअरांच्या मागं फिरून बाबा त्यांच्या भाषेतले चार शब्द शिकले, आणि तेव्हापासून जगाचं राजकारण ही त्यांना आपली घरगुती बाब वाटते. रिटायर झाल्यावर रोज सकाळी वैशाली नगरच्या बागेतल्या बाकावर त्यांची बैठक भरते. तिथं एक तेलुगू राव अंकल आहेत, एक बंगाली आहेत, एक पंजाबी आहेत, आणि चौघं मिळून हिंदीत पृथ्वी चालवतात. बाबांची निम्मी भाकितं साफ चुकतात. जे युद्ध होणार नाही असं ते सांगतात ते होतं, जे सरकार पडणार म्हणतात ते छान टिकतं. त्यानं त्यांना काडीचाही फरक पडत नाही.

ब्रुसेल्सला आल्यावर माझा फोन गेला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय म्हनते युरोप?" मी नव्या गावात, कम्यूनच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत राहण्याच्या परवान्यासाठी हेलपाटे घालून रडकुंडीला आलेली, खोलीतला हीटर बंद पडलेला, आणि यांना युरोप काय म्हणतो ते हवं. मी म्हणायचे, "बाबा, मी कशी हाव ते तं इचारा." ते म्हणायचे, "तू चांगलीच असशीन. तिकडे डिझेलचा भाव काय हाय?"

इकडं मात्र नेमका उलटा ताप. इथं जो भेटेल तो विचारतो, तुला कसं वाटतं? परक्या देशात कसं वाटतं, एकटीला कसं वाटतं, ट्राममध्ये लोक बघतात तेव्हा कसं वाटतं. मी काही बोलले की मान एका बाजूला कलती करून ऐकतात आणि म्हणतात, शेअर केल्याबद्दल धन्यवाद. मी दिल्लीत रेडिओच्या बातम्या करत होते, व्यापार करारांवर कार्यक्रम केले होते. त्याबद्दल कुणी अवाक्षर विचारत नाही. सुरुवातीला बरं वाटलं. नंतर असा वैताग येऊ लागला की एकदा एका बाईंना मी सांगून टाकलं, मला काहीही वाटत नाही, मला भूक लागली आहे. त्यांनी त्याबद्दलही धन्यवाद दिले.

म्हणूनच नादियाची ओळख झाली तेव्हा मला हायसं वाटलं. नादियाचे आईवडील मोरोक्कोतून बेल्जियमला आलेले, ती इथंच वाढलेली, आफ्रिकेतल्या व्यापार करारांवर तिची डॉक्टरेट. पण मोठ्या वाहिन्या तिला चर्चेला बोलवायच्या आणि तिला रस्त्यानं चालताना सुरक्षित वाटतं का एवढंच विचारायच्या. करारांवर बोलायला शेजारच्या खुर्चीत एखादे गोरे गृहस्थ बसलेले असायचे. अशाच एका कार्यक्रमातून तडक येऊन तिनं स्वतःचा पॉडकास्ट सुरू करायचं ठरवलं. विषय परराष्ट्र धोरण आणि जगातल्या घडामोडी. बोलणारे सगळे गोरे नसलेले लोक. मी तिच्याकडं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करू लागले. पहिले काही एपिसोड खरोखर जोरदार झाले.

मग तिनं काढली आईवडिलांची मालिका. आपण जगाकडं जसं बघतो ते कुणाकडून शिकलो, असा तिचा विषय. माझ्या बोलण्यात सारखे बाबा यायचे, तेव्हा पहिला पाहुणा तेच ठरले.

इथं एक शब्द आडवा आला, आणि सगळं रामायण तिथून घडलं. इंग्रजीत हे लोक स्वतःला पीपल ऑफ कलर म्हणतात. आता हे बाबांना मराठीत कसं सांगायचं? रंगीत माणसं म्हटलं तर दारू पिऊन गाणारी वाटतात. कृष्णवर्णीय म्हटलं तर आमच्या घरात कुणाला कळणार नाही, आणि कळलं तर बाबांचं लग्नच आठवेल. तेव्हा मी आपलं फोनवर सांगितलं, "बाबा, जगाच्या राजकारनावरचा प्रोग्राम हाय. तुमाले बोलवून राहिले." हे खोटं नव्हतं.

मग बाबांनी आईला हाक मारून सांगितलं, "ऐकलं का वो, विदेश नीतीवर बोलाले बोलावलं मले. युरोपातून."

त्यानंतर काय झालं ते तुमच्यातल्या निम्म्यांना माझ्याआधी माहीत असेल, कारण बाबांनी तुम्हाला फोन केले. उतईच्या काकांना केला, चरोद्याच्या आत्याला केला, बाकावर तर पेढेच वाटायचे बाकी होते. ते रोज सकाळी मला मुद्दे सांगू लागले: रशियाला सोडून युरोपचं चालेल का, आपण कुणाच्या बाजूनं असावं, पोलाद ज्याच्याकडं नाही त्याच्या मैत्रीला किती किंमत द्यावी. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आई म्हणाली, "आवाजाले इस्तरी लागते का?" पण कुकर लावायला तिला बंदी होती. आवाज नको म्हणून पंखाही बंद. भिलाईतला मे महिना, आणि हा माणूस दारंखिडक्या लावून, घामानं निथळत लॅपटॉपसमोर ताठ बसलेला मला पडद्यावर दिसत होता.

मी स्टुडिओत काचेच्या अलीकडं होते, नादिया पलीकडं. ठरलं होतं असं, की ती इंग्रजीत विचारेल, मी मराठीत सांगेन, बाबांचं उत्तर मी पुन्हा इंग्रजीत करेन. सुरुवातीला बाबा रशियन इंजिनिअरांवर बोलले, गॅसवर बोलले, भरपूर बोलले. त्यांची दोन विधानं चुकीची होती, पण आवाज असा की ऐकत राहावं. मग नादियानं मऊ आवाजात विचारलं, की ॲज अ पर्सन ऑफ कलर, तुमच्या कामाच्या ठिकाणी तुम्हाला काय अनुभव आले? मी तोंड उघडायच्या आत बाबांना कलर हा शब्द ऐकू आला होता. प्लांटची इंग्रजी त्यांना येते.

"मॅडम," ते म्हणाले, "फर्स्ट आय वॉज यलो. आफ्टर प्रमोशन आय बिकेम व्हाइट."

नादियाचा हात तोंडावर गेला. मी माझं बटन दाबून सांगायला लागले, तर तिनं दुसऱ्या हातानं मला गप्प राहायची खूण केली. तिनं अगदी हळू विचारलं, की ते कठीण होतं का?

"नो, नो. ओन्ली इंटरव्ह्यू अँड मेडिकल. होल फॅमिली व्हेरी हॅपी."

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाहेरून कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी: बाबा हेल्मेटबद्दल बोलत होते. त्यांच्या खात्यात कामगारांची हेल्मेटं पिवळी आणि ऑफिसरांची पांढरी. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांना ऑफिसरचा ग्रेड मिळाला. ते नवं हेल्मेट त्यांनी घरी आणलं होतं, आईनं त्याला कुंकू लावलं, आणि पिवळ्याचा पांढरा झाला हे वाक्य सगळ्या ब्लॉकमध्ये फिरलं होतं. आमच्याकडं कलर म्हणजे तेवढंच.

रेकॉर्डिंग संपल्यावर मी नादियाला हे सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मी पण हसले. मग तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते मला मुळीच आवडलं नाही. म्हणाली, हे तर आणखी सुंदर आहे. एपिसोडचं नावच 'मी पांढरा झालो' असं ठेवू. ट्रेलरमध्ये तेच वाक्य, मग थोडं संगीत, मग हेल्मेटचा खुलासा. गॅस आणि रशिया काढून टाकू, त्यासाठी आपल्याकडं तज्ज्ञ आहेत. तुझ्या वडिलांकडं जे आहे तो अनुभव आहे.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मोठ्या वाहिनीवर तुझ्या शेजारी जे गृहस्थ बसवतात, ते तज्ज्ञ. आणि तुझ्याकडं काय असतं? अनुभव. हेच म्हणतात ना ते तुला?" ती लाल झाली. म्हणाली, हे तसं नाही. मी म्हटलं, तसंच आहे. फक्त या वेळी विचारणाऱ्याच्या खुर्चीत तू बसली आहेस. बराच वेळ आम्ही भांडलो. शेवटी ती म्हणाली, वडिलांना विचार. त्यांना चालत असेल तर लावू, नाहीतर नाही. भांडायला उठलेल्या माणसाला समोरच्यानं असं रास्त काहीतरी सांगितलं की फार पंचाईत होते.

मी फोन केला. सांगायचं ते सरळ सांगितलं, की नादियानं कलर म्हणून जे विचारलं ते हेल्मेटचं नव्हतं. कातडीचं होतं. या कार्यक्रमात सगळे गोरे नसलेलेच लोक बोलतात.

"चामडीचा कलर?"

"हो बाबा."

"मंग मले काळा म्हनून बोलावलं होतं."

मी घाईघाईनं सांगू लागले, की तसं नाही, इथं त्याचा अर्थ वेगळा असतो, तो मानाचा शब्द आहे, नादिया स्वतःलाही तेच म्हणवते, मीही इथं त्यातच मोडते. ते ऐकून घेत होते. बाबांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलंय असं माझ्या आठवणीत तोवर कधी झालं नव्हतं.

"मले वाटलं माह्यं डोस्कं पाहून बोलावलं," ते म्हणाले. "मी रशियाचं एवढं सांगतलं, ते ठेवलं का त्याइनं?"

"नाई बाबा," मी म्हटलं.

"काढून टाक मंग. समदंच काढ."

नादियानं तो एपिसोड काढला, कुरकुर न करता. तिला वाईट वाटलं होतं हे मला दिसत होतं. तिनं स्वतः होऊन सुचवलं की फक्त गॅस आणि पोलाद यांवर नव्यानं बोलू, कलरचं काही विचारणार नाही. मी बाबांना तसं कळवलं. "आता नाई," एवढंच ते म्हणाले. बाकावर त्यांनी सांगितलं की प्रोग्राम कॅन्सल झाला. राव अंकलनी कारण विचारलं, तर म्हणाले, इंटरनॅशनल मॅटर है.

आणि मग जे झालं त्यानं मी खरी हादरले. पुढच्या रविवारी मी फोन केला, तर बाबांनी विचारलं, "कशी हायस? जेवली का? तिकडे तुले कसं वाटून राहिलं?"

हे ऐकायला मी इतकी वर्षं भांडले होते. आता ते आलं आणि मला रडू कोसळलं, पण आनंदानं नाही. मी म्हटलं, बरी आहे. मग विचारलं, "बाबा, हे रशियाचं युद्ध थांबते का?" ते म्हणाले, "मले काय मालूम. तब्येत सांभाळ," आणि फोन आईकडं दिला. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. आईनं आवाज बारीक करून सांगितलं, "बातम्या बंद केल्या त्याइनं. बागेत बी जात नाईत. घरात एवढी शांती हाय का मले करमून नाई राहिलं. तूच काई तरी कर."

काय करणार? मला सगळ्यांचाच संताप आला. नादियाचा आला, जिचा हेतू चांगला होता. बाबांचा आला: माणसानं एवढं काय मनाला लावून घ्यावं, भाकितं चुकतात तेव्हा तर ढिम्म असतात. आईच्या मावशीचा आला, जी वारून जमाना झाला. पीपल ऑफ कलर म्हणजे काय ते ज्या भाषेत सांगता येत नाही आणि 'काळा हाय, पन' म्हणजे काय ते ज्या भाषेत फोडून सांगावं लागत नाही, त्या माझ्या भाषेचाही आला. इथं हा शब्द लोकांनी लढून कमावला आहे, अभिमानानं मिरवतात. तो भिलाईला पोचेपर्यंत त्याचं असं व्हावं, यात मी कुणाची गचांडी धरू?

समजूत घालून उपयोग होत नव्हता. मी त्यांना लेख पाठवले, त्यांनी उघडले नाहीत. राव अंकलना सांगून पाहिलं, ते घरी जाऊन चहा पिऊन आले. असे कित्येक रविवार गेले. मग एका रविवारी कशी हायस झाल्यावर मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की इथं एक बातमी ऐकली, आता रशियाची जहाजं कॅस्पियन समुद्रातून निघतात ती सरळ मुंबईला लागतात.

पलीकडं आई काहीतरी म्हणाली, तिला त्यांनी थांब म्हटलेलं ऐकू आलं.

"कोनत्या रस्त्यानं?"

"समुद्राच्याच. मंग आनखी कोनत्या?"

"कोनं सांगतलं तुले?"

"प्रोग्रामवर सांगत होते. तज्ज्ञ होते कोनी तरी."

"तज्ज्ञ," बाबा म्हणाले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अवो, बंद समुद्र हाय तो. चारी बाजूनं जमीन. जहाज काय उडून येते? माल इरानात उतरवा लागते, तिथून रेल, मंग बंदर, मंग दुसरं जहाज. आन हे तुले युरोपात बसून मालूम नाई? करून काय राहिली तू तिकडे एवढ्या वर्सापासून?"

मी म्हटलं, पण नकाशात तर जोडलेला दिसतो.

"तुह्या नकाशाले आग लाव," ते म्हणाले, आणि सुरू झाले. इराण झालं, अफगाणिस्तान झालं, मग रूळ कुठल्या मापाचे टाकावे लागतील ते आलं, मग इंग्रज आले. मी फोन स्पीकरवर टाकून कांदा चिरायला घेतला. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, ऐकून राहिली ना, मी हो म्हटलं. एक नदी त्यांनी भलत्याच देशात नेऊन सोडली, ती मी राहू दिली नाही. त्यावरून आणखी भांडण झालं. मी कशी आहे हे त्या दिवशी पुन्हा कुणी विचारलं नाही.

इथले लोक माझी चूक कधीच काढत नाहीत. मी काहीही म्हटलं तरी ते मान कलती करतात, ऐकतात, आभार मानतात आणि आपापल्या घरी जातात. तुम्ही विचारता, अजून भिलाईला घर म्हणतेस का, एवढी वर्षं तिकडं काढून? क्वार्टर सुटलं, शेजार पांगला, बाकावरचे एकेक कमी होत चाललेत, मला ते दिसतं. पण मी चुकीचं बोलले की एका माणसाला अजून राहवत नाही, त्याचा घास हातात राहतो, तो खुर्ची ओढून बसतो. तो आहे तोवर मी भिलाईचीच.